पाय कुठे ठेवायचा: सोलापूरच्या माळरानावर फिरण्याची रीत

सोलापूरहून बार्शी रस्त्याने विसेक किलोमीटर गेलं की नान्नज येतं. त्याच्या अवतीभवती, मार्डी, अकोलेकाटी, कारंब्याच्या शिवारात, मुरमाड माळाचे तुकडे पसरलेले आहेत. गुडघाभर गवत, मधूनच एखादा हिवर किंवा बोरीची जाळी, आणि बाजूला ज्वारी-तुरीची रानं. कागदोपत्री अशा जमिनीला बरेचदा ‘पडीक’ म्हणतात. रविवारी सकाळी शहरातून सायकल किंवा जीप घेऊन येणाऱ्यालाही ती तशीच दिसते: मोकळी, कुठूनही कुठेही जावं अशी.

घोळ इथेच होतो. जंगलात पक्षी झाडावर घरटं करतो आणि आपण खालून चालत जातो. माळावर झाडंच नाहीत, म्हणून टिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोल, तणमोर, माळढोक या सगळ्या पक्ष्यांची अंडी जमिनीवर असतात. काळविटाचं पाडस गवतात अंग चोरून पडलेलं असतं. लांडग्याची बीळ ओढ्याच्या दरडीत किंवा जुन्या बांधात असते. इथे पाय आणि चाक कुठे पडतं यावर बाकी सगळं ठरतं.

जागा आणि परवानगी

नान्नजचं माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ सालचं. सुरुवातीला त्याचं क्षेत्र कागदावर सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होतं. सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतली गावं, शेतं, रस्ते असं सगळंच त्यात आलं होतं. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. आजही हे कुंपणातलं सलग जंगल नाही. वनखात्याचे तुकडे आणि त्यांच्यामध्ये खासगी शेती, गायरानं, पाझर तलाव अशी ही जमीन आहे. प्राणी हद्द मानत नाहीत. काळविटांचा कळप सकाळी वनखात्याच्या गवतात असतो आणि रात्री कुणाच्या तरी हरभऱ्यात.

म्हणून परवानगी दोन ठिकाणी घ्यायची. वनखात्याच्या क्षेत्रात पाय टाकण्याआधी नान्नजच्या वन कार्यालयात नोंद करा, शुल्क भरा आणि सोबत स्थानिक माणूस घ्या. तो सांगेल ती वाट, तो म्हणेल तिथेच थांबा. हद्दीबाहेरच्या शेतात शिरताना शेतकऱ्याला विचारा. उभ्या ज्वारीतून वाट काढू नका, बांधावरून जा, आणि बांधही ओला असेल तर तोही टाळा, कारण पायांनी ढासळलेला बांध पुढच्या पावसात फुटतो. गटासाठी गावातच जेवण सांगितलं, वाटाड्याला ठरलेले पैसे दिले, तर रात्री काळविटांनी हरभरा खाल्ल्यावर गप्प बसणाऱ्या माणसाला माळाचा काही तरी फायदा होतो. हे औदार्य समजू नका. त्या जनावरांना सांभाळण्याचा खर्च तोच सोसतो.

कायद्यातली एक गोष्ट फारशी माहीत नसते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत मारणं-पकडणं तर येतंच, पण जनावराचा पाठलाग करणं, त्याला हाकणं, पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हेही येतं. काळवीट आणि लांडगा दोघेही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. कळप धावताना चित्रफीत चांगली येते म्हणून जीप मागे लावली, तर ती या व्याख्येत बसू शकते. ड्रोन परवानगीशिवाय आणूच नका. माळावरच्या पक्ष्याला वरून येणारी प्रत्येक सावली गरुडाची वाटते, तो अंडी सोडून उठतो.

महिन्याचा हिशेब

माळ बघायला सगळ्यात सोपा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, भोवत्ये (हॅरियर, गवतावरून खालून उडणारे शिकारी पक्षी) उत्तरेकडून आलेले असतात, सकाळी नऊपर्यंत हवा गार असते. या दिवसांतही एक जागा जपायची. भोवत्ये दिवसा एकेकटे फिरतात, पण संध्याकाळी उंच गवतात जमिनीवरच एकत्र झोपायला उतरतात. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी गवतातून बाहेर पडून रस्त्यावर या. उतरलेला थवा एकदा उठवला तर अंधारात त्याला दुसरी जागा शोधावी लागते. लांडग्यांची पिल्लंही साधारण थंडीतच होतात. एखाद्या दरडीजवळ ताजी माती उकरलेली, आजूबाजूला हाडं आणि लहान पंजांचे ठसे दिसले तर तिथे थांबून बघत बसू नका, आल्या वाटेने मागे फिरा. मादीला बीळ उघडी पडल्यासारखी वाटली की ती पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि या हलवाहलवीतच कुत्री गाठतात.

मार्च ते जून हा सगळ्यात नाजूक काळ. माळटिटवी आणि धाविक याच उन्हाळ्यात, उघड्या मुरमावर, खड्यांच्या रंगाची अंडी घालतात. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उन्हातला मुरूम हाताला चटका देतो. पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. टिटवी पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी ओली करते. तुम्ही शेजारी उभं राहून तिला दहा-पंधरा मिनिटं उठवून ठेवलं तर आतला जीव भाजून जाऊ शकतो. घरटं तुडवलं नाही म्हणजे नुकसान झालं नाही, असं इथे म्हणता येत नाही. या चार महिन्यांत वाट सोडून मुरमाच्या उघड्या पट्ट्यात शिरायचंच नाही, आणि सकाळी साडेनऊनंतर माळावर थांबायचं नाही. तसंही अकरानंतर हवा थरथरते, लांबच्या भिंगातून धुरकट चित्राशिवाय काही मिळत नाही.

जुलै ते सप्टेंबर माळढोक आणि तणमोराचा विणीचा काळ. माळढोकाची मादी साधारण एकच अंडं घालते. देशात हा पक्षी आता दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी उरला आहे, तोही बहुतेक राजस्थानात. इथे तो दिसणं अतिशय दुर्मीळ झालं आहे. म्हणूनच पावसाळ्यात उंच गवताचे पट्टे पूर्णपणे सोडून द्या. या दिवसांत फिरायचंच असेल तर हिप्परग्याचा तलाव आहे, डांबरी रस्ते आहेत.

पायी चालताना

अंतर किती ठेवायचं? काळविटाशी पायी दीडशे मीटर. ते मोजायला साधन लागत नाही. हात सरळ पुढे धरा, करंगळीचं नख समोर आणा. आडवं उभं असलेलं काळवीट त्या नखाच्या निम्म्यात मावलं तर अंतर साधारण दीडशे मीटर. पूर्ण नख व्यापलं तर सत्तर, म्हणजे तुम्ही फार पुढे आलात. गाडीत बसून राहिलात तर कळप जास्त जवळ येऊ देतो. गाडीचं दार उघडून माणूस खाली उतरला की तोच कळप पळतो, कारण दोन पायांची उभी आकृती ही त्याच्या लेखी वेगळी गोष्ट आहे.

पण खरा मापक जनावरच आहे. चरणारी मान वर झाली, एकाने बघितलं, तर थांबा. सगळा कळप एकाच दिशेला, तुमच्याकडे तोंड करून उभा राहिला तर तुम्ही हद्द ओलांडलीच आहे. हळू मागे या. पहिली उडी पडल्यावर थांबून उपयोग नसतो. कळपाच्या दिशेने सरळ चालू नका, तिरकं चाला, आणि त्याच्या व मोकळ्या मैदानाच्या मध्ये येऊ नका. तारेच्या कुंपणाकडे किंवा रस्त्याकडे रेटलेलं काळवीट घाबरून तारेत अडकतं.

चालताना टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, किंवा एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा लोळत पुढे पुढे जाऊ लागला, तर घरटं किंवा पिल्लं जवळपासच आहेत. अशा वेळी:

१. आहात तिथे थांबा. पाय उचलण्याआधी खाली बघा. अंडी तीन-चार असतात आणि खड्यांत मिसळून गेलेली असतात.
२. लोळणाऱ्या पक्ष्यामागे जाऊ नका. त्याच्यापासून दूर जायचं म्हणून भलत्याच बाजूलाही वळू नका.
३. ज्या पावलांनी आलात त्याच पावलांवरून मागे जा.
४. जागा ओळखता यावी म्हणून दगडांची रास रचू नका, काठी रोवू नका. कावळा आणि मुंगूस खूण लवकर शिकतात.
५. सोबतच्या लोकांना ‘बघायला’ बोलावू नका.

गटात आठांपेक्षा जास्त माणसं नकोत. पंधरा जण एका ओळीत चालले तरी मागच्याला पुढच्याचं काही ऐकू येत नाही, तो दिसेल तसा बाजूला सरकतो, आणि वाट पसरट होत जाते.

सायकल आणि गाडी

सायकल माळासाठी चांगली. आवाज नाही, धूर नाही. फक्त ती बैलगाडीच्या जुन्या चाकोरीतच चालवायची. मुरमावरचा गवताचा थर पातळ असतो. ओल्या मुरमावर चाकाने एक खाच पाडली की पुढचा पाऊस त्याच खाचेतून वाहतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथे घळ होते. वाटेत डबकं आलं तर त्याला वळसा घालू नका, उतरून मधूनच सायकल ढकला. वळशांनीच एक मीटरची वाट पाच मीटरची होते. जोरदार पाऊस झाला की दोन दिवस थांबा. काळ्या मातीच्या पट्ट्यात तर पर्यायच नसतो: चिखल चाक आणि चिमट्याच्या मध्ये भरतो आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

बाभूळ, हिवर आणि सराट्याचे काटे साधी ट्यूब टिकू देत नाहीत. ट्यूबमध्ये आधीच सीलंट भरून घ्या, एक जादा ट्यूब आणि पंप बरोबर ठेवा. पंक्चर काढताना सायकल वाटेवरच उलटी करा. लोक सावलीसाठी झुडपाखाली जातात, आणि दुपारी त्याच झुडपाखाली खोकड किंवा पाडस विसावलेलं असतं.

मोटारीसाठी वेग कच्च्या रस्त्यावर ताशी वीस. अंधार पडल्यावर डांबरीवरही तीस-चाळीसच्या वर नको. रातवा हा पक्षी तापलेल्या रस्त्यावरच बसतो आणि दिव्याच्या झोतात उठायला उशीर करतो. तरस आणि कोल्हे मेलेलं काही खायला रस्त्यावर येतात. एका ठिकाणी दोनपेक्षा जास्त गाड्या थांबवू नका. तिसरी आली तर पहिलीने निघायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

छायाचित्र काढणाऱ्यांनी

पाचशे-सहाशे मिलिमीटरचं भिंग गाडीच्या खिडकीत वाळूच्या पिशवीवर टेकवा आणि वाट बघा. पखुर्ड्या सकाळी, सूर्य वर आल्यावर, ठरल्या पाणवठ्यावर येतात. नर पोटाची पिसं भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो. पाण्याच्या काठावर बसून राहिलात तर थवा वर दोन घिरट्या घालून कोरडाच परत जातो, आणि त्या दिवशी लांबच्या माळावरची पिल्लं तहानलेली राहतात. म्हणून पाणवठ्यापासून शंभर मीटर, आणि थवे यायच्या आधीच येऊन बसायचं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवू नका. विणीच्या काळात नराला तो प्रतिस्पर्धी वाटतो आणि तो अंडी सोडून भांडायला येतो. घरट्याचं चित्र काढूच नका. घुबडावर आणि रातव्यावर फ्लॅश नको.

चित्र टाकताना कॅमेऱ्यातली आणि फोनमधली ठिकाणाची नोंद आधी बंद करा. तालुक्याचं नाव पुरेसं आहे. लांडगा, तणमोर, माळढोक यांचं चित्र असेल तर ते काही आठवडे स्वतःजवळच ठेवा आणि वनखात्याला कळवा. एका चित्रावरून पुढच्या रविवारी त्याच ओढ्याशी दहा गाड्या लागतात.

हुरडा, आग आणि उष्टं

डिसेंबर-जानेवारीत सोलापूरकर माळावर येतात ते बहुतेक हुरड्यासाठी. त्यात गैर काही नाही, पण जागा शेताचीच हवी. नांगरलेलं रान किंवा खळं निवडा. गवताच्या पट्ट्यापासून किमान तीस मीटर दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. नोव्हेंबर ते जून माळाचं गवत काडेपेटीसारखं पेटतं, आणि कुसळीच्या गवतातली आग माणसाच्या धावण्यापेक्षा जोरात जाते.

आगटीसाठी एक हात खोल खड्डा खणा. त्याच्याभोवती तीन मीटरपर्यंत काडीकचरा झाडून माती उघडी करा. पंधरा-वीस लिटर पाणी आणि एक फावडं आगटी पेटवायच्या आधीच शेजारी ठेवा. गोवऱ्यांचा निखारा धग धरून ठेवतो म्हणून कणसं छान भाजतात, पण तोच धोका आहे. वरची राख थंड पांढरी दिसते आणि आत गोवरी तासन् तास धुमसत राहते. जेवणं झाल्यावर पाणी ओता, काठीने तळापासून ढवळा, पुन्हा ओता. हाताची मागची बाजू राखेजवळ धरा, ऊब लागली तर अजून पाणी. मग माती लोटा. नुसती माती टाकून निघून जाणं हे सगळ्यात वाईट, कारण खाली हवा पुरते आणि रात्रीच्या वाऱ्यावर ठिणगी उडते.

ध्वनिक्षेपक नको. मोठ्या गटाला गाणी, क्रिकेट, लहान मुलांची धावपळ हवी असेल तर विजापूर रस्त्यावरचा सिद्धेश्वर वनविहार आहे. प्रत्येक मौज माळावर आणायची गरज नाही.

जेवण बांधून नेताना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांना तोड नाही. कापडात बांधता येते, दिवसभर टिकते, मागे प्लास्टिक उरत नाही. पाणी माणशी हिवाळ्यात दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. मटणाची-कोंबडीची हाडं, उरलेला भात, काहीही माळावर टाकू नका, पुरूही नका. उष्ट्याच्या वासावर गावची कुत्री येतात. चार रविवार अन्न मिळालं की ती टोळीने तिथेच राहायला लागतात, आणि मग पाडसं मारतात. कुत्र्यांबरोबर रेबीज आणि डिस्टेंपरसारखे रोगही येतात, ते खोकड, कोल्हा आणि लांडग्यात पसरू शकतात. पाळलेलं कुत्रं कितीही शहाणं असलं तरी त्याला घरीच ठेवा.

आकाश बघायला येणाऱ्यांसाठी थोडंच: डिसेंबरच्या मध्यावर जेमिनिड उल्का दिसतात. शेतातल्या खळ्यावर सतरंजी टाका, विजेरीला लाल कागद लावा, गवतात शिरू नका.

धनगरांचे वाडे

माळावर तुमच्या आधीपासून मेंढरं आहेत. वाड्याजवळ जाताना लांबूनच हाक द्या. राखणीची कुत्री अंगावर येतात आणि तो त्यांचा दोष नसतो. मेंढपाळाला लांडग्याची बीळ कुठे आहे हे बहुतेक माहीत असतं. त्याने विश्वासाने सांगितलं तर ते पुढे कुणाला सांगू नका. मेंढरू गेल्याचा राग असलेल्या माणसाच्या कानावर ती जागा गेली तर बिळीत धूर होतो.

उजनीच्या काठावर

करमाळा-माढ्याच्या बाजूने उजनी धरणाच्या फुगवट्यावर जाणाऱ्यांनी रोहित पक्ष्यांपासून दीडशे मीटर लांब नाव थांबवायला सांगा. नावाड्याला आधीच सांगून ठेवा की थवा उडवायचा नाही, आणि न उडवल्याबद्दल ठरल्यापेक्षा थोडे जास्त पैसे द्या. बरेच नावाडी गिऱ्हाइकाच्या हट्टापायीच उडवतात. पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) मार्चच्या सुमाराला हिमालयापलीकडे परत निघतात. त्याआधी त्यांना चरबी साठवायची असते, आणि प्रत्येक विनाकारण उड्डाण त्यातूनच जातं. मार्चनंतर पाणी उतरून जी बेटं उघडी पडतात त्यांच्यावर उतरू नका. नदीसुरय हे पाणपक्षी वाळूवरच अंडी घालतात.

झाडं लावू नका

सहलीच्या शेवटी ‘काहीतरी चांगलं करू’ म्हणून रोपं लावण्याची किंवा बियांचे गोळे फेकण्याची पद्धत पडली आहे. माळावर ती बंद करा, ही कळकळीची विनंती आहे. माळढोक, तणमोर, धाविक यांना चारी बाजूंना दूरवर दिसलं तरच ते सुरक्षित असतात. एक झाड वाढलं की त्यावर कावळा आणि शिकारी पक्षी बसतो, खालच्या अंड्यांवर नजर ठेवतो, आणि माळाचे पक्षी ती जागा सोडतात. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया या लागवडीच्या झाडाच्या) रांगांनी असे कितीतरी पट्टे हिरवे दिसतात आणि मुके झाले आहेत. झाडं लावायची हौस असेल तर गावाच्या शाळेत, विहिरीजवळ, बांधावर लावा, मालकाला विचारून. माळासाठी काही करायचंच असेल तर वाटेवरचा कचरा उचला आणि गाजरगवत फुलायच्या आधी मुळासकट उपटा.

पाडस सापडलं तर

गवतात एकटं पडलेलं पाडस अनाथ नसतं. आई चरायला गेलेली असते आणि दूध पाजायला परत येते. उचललंत तर तुम्हीच त्याला अनाथ करता. जखमी दिसलं, तारेत अडकलं असलं, किंवा कुत्री मागे असली तरच हस्तक्षेप. कुत्री हाकला, लांब उभे राहा, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि माणूस येईपर्यंत जागा सोडू नका. पाणी पाजू नका, दूध तर मुळीच नाही. डोळ्यांवर ओला नसलेला सुती कपडा टाकला तर जनावर शांत होतं. पाय बांधू नका.

घरी निघण्याआधी रस्त्यावर उभे राहून मोजे, पँटच्या घड्या आणि चाकाची नक्षी झटका. कुसळं इथलीच असतात, पण गाजरगवताचं बी एका माळावरून दुसऱ्यावर असंच जातं. ते झटकायची जागा डांबरी रस्ता, गवताची कड नव्हे.